नमुन्याचा लसूणघास

प्रिय कुणाल,

तुझ्या सीमेवरच्या ठाण्यावर फोन लागत नाही, म्हणून लिहिते आहे. आधी बातमी. तुमची म्हैस व्याली, आणि दुसऱ्याच दिवशी मान कुशीवर टाकून खाली बसली. उठेना. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं तशी थोड्या वेळाने उभी राहिली. आता ठीक आहे. पण डॉक्टरांनी वैरण तपासायला सांगितली, आणि तुझ्या आई उंब्रजहून एसटीने पिशवी घेऊन सांगलीला थेट माझ्याच प्रयोगशाळेत आल्या. त्यांना आपल्याबद्दल कसं सांगायचं, त्या हो म्हणतील का, यावर आपण दोन वर्षं घालवली आहेत. मी ओळख दिली नाही. पावती फाडली.

पिशवीत लसूणघास होता. पुसलेला, निवडलेला, एकही पिवळं पान नाही. प्रथिनं भरपूर, कॅल्शियम उत्तम. हे खाणारी म्हैस अशी बसत नाही. मी विचारलं, रोज हेच घालता का? त्या म्हणाल्या, "आवं मॅडम, परक्यानं बघायचं म्हटल्यावर चांगलंच न्यायला नको व्हय? घास शेजारच्या तानाजीचा हाय."

रविवारी मी स्वतःच नमुना घ्यायला गेले. गव्हाणीत नुसतं उसाचं वाढं होतं, शेंड्याची हिरवी पाती. वरून, मधून, तळातून मूठमूठ उचलत मी त्यांना सांगितलं की वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते रक्तापर्यंत पोचूच देत नाही; वाढं कमी करा, लसूणघास आणि खनिज मिश्रण चालू करा. भिंतीवर तुझा वर्दीतला फोटो होता. मी तिकडे पाहिलं नाही. याचा मला अभिमान वाटत होता, तेवढ्यात म्हैस पिशवीत तोंड घालायला आली आणि मी म्हणाले, "सुभेदारीण, मागं हो."

घरात तिला सगळे रंगी म्हणतात. सुभेदारीण फक्त तू म्हणतोस.

आईंच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. "कवापास्नं?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या मटकन ओट्यावर बसल्या. मला वाटलं, संपलं. तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. "अगं बया, आनि मी सुनंला लोकाचा घास दाखवला!" मग चहा झाला, आणि दोन वर्षांत तू मला न सांगितलेलं तुझं बरंच काही मला कळलं. खराब दात, मोडलेली सायकल, सगळं.

कुणाल, पत्र लिहायला त्यांनीच सांगितलं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या आमच्या घरी मागणी घालायला येणार आहेत. रजा मिळाली तर तूही ये. नाही मिळाली तर त्यांचं काही अडणार नाही, असा निरोप आहे. माझ्या बाबांना मी सांगितलं. त्यांनी म्हैस किती दूध देते ते विचारलं. मला आनंद झाला आहे. हे वाक्य मी दोनदा तपासून ठेवलं आहे.

तुझीच,
साक्षी