त्याने मागितलेली प्रार्थना

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आखातातल्या फुजैराच्या क्लिनिकमधली ती दुपार माझ्यापासून हलत नाही, म्हणून लिहायला बसलोय. तू तिथे नर्स होतीस, आणि तुझ्याच शब्दावर मला रिसेप्शनवर क्लार्क म्हणून घेतलं होतं. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. शुक्रवारच्या सुट्टीत तू चपात्या लाटता लाटता प्रभूशी बोलायचीस, शेजारणीशी बोलावं तसं. मला लाज वाटायची. "हळू बोल, पलीकडे ऐकू जातं," मी म्हणायचो. तू लाटणं न थांबवता म्हणायचीस, "चोरी करतेय का मी?"

मग तो रत्नागिरीकडचा वेल्डर आला, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. रोज ड्रेसिंग तूच करायचीस. एके दिवशी तो म्हणाला, "सिस्टर, हात राहील की नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत. माझी अम्मी इथं असती तर तिनं दुवा मागितली असती. तुम्ही प्रार्थना करता ना? माझ्यासाठी करा." तू दाराकडे पाहिलंस. दारात मी फाइल घेऊन उभा. तू त्याचा डावा हात धरलास आणि मराठीत, अगदी हळू, दोन मिनिटं बोललीस. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पडद्यापलीकडच्या पेशंटचा भाऊ तेच ऐकत होता, हे आपल्याला संध्याकाळी कळलं. नर्स पेशंटचा धर्म बदलते, अशी तक्रार झाली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या नर्सेस जेवायला तुझ्या टेबलावर बसल्या नाहीत. दुपारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "तुम्हारी माँ कहती है, पेशंटने खुद बोला था। तुम वहाँ थे?" माझा व्हिसा त्याच क्लिनिकचा; नोकरी गेली की देशही सोडावा लागणार. मी त्याच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मालूम नहीं सर. मैं वहाँ नहीं था." तो म्हणाला, "खलास, जाओ." एवढंच. कोणी मला धमकावलं नव्हतं, आई.

आठवड्याभरात तुझं तिकीट निघालं. तू कपाट रिकामं करत होतीस आणि मी, मी, तुझ्यावर चिडलो. "एवढ्या प्रार्थना केल्यास, काय मिळालं?" तू साडीची घडी तशीच हातात धरून पलंगावर बसलीस. "माहीत नाही रे. चार दिवस झाले, मलाही पलीकडे कोणी आहे असं वाटत नाहीये. तरी बोलते. नाही बोलले तर त्या मॅनेजरविषयी, सगळ्यांविषयी विष भरेल मनात. ये, बस माझ्याजवळ." मी चहा ठेवायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो. तू एकटीनेच गुडघे टेकलेस. मला वाटत होतं, तुझ्या प्रार्थनेत ताकद असती तर ती त्या केबिनमध्ये दिसली असती.

तू नगरला परतलीस, मिशनच्या दवाखान्यात पुन्हा ड्रेसिंग करू लागलीस. मी इथेच, फुजैरात राहिलो. तुला भेटायला यायला रजा मिळत नाही, असं फोनवर सांगत राहिलो. रजा मिळत होती. बऱ्याच वर्षांनी तू देवाघरी गेलीस, त्यानंतर चार दिवसांनी तो वेल्डर मला शोधत आला. हात राहिला होता, बोटं थोडी आखडलेली. म्हणाला, "मी गेलो होतो मॅनेजरकडे. सांगितलं, मीच बोललो होतो सिस्टरना. तो म्हणाला, तिचा मुलगाच म्हणतो मी तिथं नव्हतो. मला राग आला, सिस्टरना जाऊन सांगितलं." मी विचारलं, "केव्हा?" "त्यांचं इथून जायचं तिकीट निघायच्या आधीच. म्हणाल्या, त्याला काही बोलू नका, तो घाबरलाय. शेवटपर्यंत दर ईदला फोन करायच्या. तुमच्यासाठी दुवा मागतेय, म्हणायच्या."

म्हणजे मला जवळ बसायला बोलावलंस तेव्हा तुला ठाऊक होतं. दवाखान्यातून दमून येऊन तू रोज प्रार्थनेत ज्याचं नाव घेत होतीस, त्याने काय केलंय ते ठाऊक असून घेत होतीस. ती ताकद केबिनमध्ये शोधणारा मी किती मूर्ख!

आता मीही रोज प्रार्थना करतो. मुलगी हसते, "पापा, हू आर यू टॉकिंग टू?" नोकरी, तिचं शिक्षण, गुडघेदुखी, सगळं प्रभूला सांगतो. फक्त ती केबिन जवळ आली की घाईने आमेन म्हणून उठतो.