फळ्याच्या उंचीची रेघ

२ एप्रिल १९७४
स्तन काढला, किरणांचे शेक झाले, आता संपलं म्हणून घरी पाठवलं. डोंबल संपलं! काखेपासून कोपरापर्यंत कुणी सुतळी आवळून बांधलीय. हात खांद्याच्या वर जात नाही. डॉ. म्हणाले, दुखलं तरी रोज भिंतीवर बोटं चढवा, नाहीतर हात असाच आखडेल. शाळेतल्या फळ्याएवढ्या उंचीवर ह्यांनी भिंतीला खडूनं रेघ मारून दिली. जूनपर्यंत तिथं हात पोचला तर मी शाळेत शिकवायला. नाहीतर घरी.

५ एप्रिल
बोटं हनुवटीपर्यंत. रडले. सासूबाई जेऊरहून आल्यात. "दुकतंय तर कशाला ताणतीस? गप पडून ऱ्हा की." माया आहे, पण डोकं उठतं.

११ एप्रिल
बोटं कपाळाच्या वर! दुखणं कालच्यापेक्षा कमी. की सवय झाली...

१२ एप्रिल
उद्या शेजारी चैत्राचं हळदीकुंकू. डॉ.नी बजावलंय, ह्या हातात बांगडी नको. पण भुंडा हात घेऊन बायकांत बसू? आधीच सगळ्यांची नजर पदराकडे. नवी पेठेत जाऊन हिरव्या भरून आले, चांगल्या घट्ट. सासूबाई खूश. मीपण.

१५ एप्रिल
हात सुजला. बांगड्या रुतल्यात, साबण लावूनही निघेनात. ठणका. व्यायाम बंद.

१६ एप्रिल
वाढवाव्याच लागल्या. ह्यांनी फडकं गुंडाळून एकेक फोडली. सासूबाई ओरडल्या, "आरं, तू जित्ता हायस आन् बायकूच्या बांगड्या तूच फोडतुयास?" हे खाली बसून काचा वेचत राहिले.

२ मे
सूज थोडी उतरली. बोटं परत छातीपाशी. पुन्हा पहिल्यापासून सगळं. एका हळदीकुंकवापायी! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

२० मे
शाळेच्या मोठ्या बाई येऊन गेल्या. "फळ्याशिवाय शिकवायचा वर्ग नाही हो आपल्याकडे." चहा पिताना रेघेकडे बघत होत्या. कसली ते विचारलं नाही.

९ जून
उद्या शाळा. बोटं कानापर्यंत, पुढं जीव जातो. सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. वाटलं, आता बोलणार. त्यांनी माझं कोपर खालून धरलं. "चल, मी लावती हात. वरडायचं तर वरड."
ओरडले. त्यांनी सोडलं नाही. रेघेला बोट लागलं.
सासूबाई रडत होत्या. मी नाही. उद्या फळ्यापाशी कोपर कोण धरणार?