अंगठा लागत नाही

३ मार्च
कुपवाडच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली एकदाची. हरणामावशीनं तासगावात गल्लीभर पेढे वाटले. राहायला मी तिच्याकडेच. ती बेदाण्याच्या शेडवर उघड्या हातांनी द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवते, आणि घरी आले की त्याच हातांनी माझे दोन्ही हात धरते.
मालक धनपालकाका, शांत जैन गृहस्थ. ऑफिस त्यांच्या पत्नी, राजमतीकाकू बघतात. लॅबचं दार आतूनही अंगठा लावल्याशिवाय उघडत नाही. लावू की. कोरेगावच्या फौजीची लेक आहे मी.

५ मार्च
काकांना बेदाण्यावर नवा जिवाणू सापडलाय. त्याचं एन्झाइम द्राक्षाच्या सालीवरचं मेण खातं, म्हणून बेदाणा लवकर वाळतो. ते किती तापमानाला चांगलं चालतं, हे शोधायचं काम माझं. सदतीस अंशांना सगळ्यात जोरात चालतं. शेड तर याहून तापते, म्हणून नवल वाटलं. काका मात्र खूश. या जिवाणूचे दोन कॅन लवकरच मावशीच्या शेडवर जाणार. ती कालपासून तिथेच मुक्कामाला, घरी येईल बारा तारखेला.

७ मार्च
आजपासून अष्टान्हिका, जैनांचं आठ दिवसांचं पर्व. पर्वात इथे जीव मारत नाहीत, म्हणून वापरलेल्या प्लेटांतले जिवाणू वाफेनं मारायचा मोठा कुकर बंद. माझी तक्रार नाही, आमच्या घरी श्रावण असाच कडक असतो. पण प्लेटा साठत चालल्यात.

१० मार्च
दारानं माझा अंगठा घेतला नाही. 'प्लीज ट्राय अगेन.' बोट भिंगाखाली धरलं. रेषाच नाहीत. हातमोजे बघितले, तर त्यांना बारीक भोकं. काकांची बोटंही गुळगुळीत. ते म्हणाले, साबणानं होतं असं.
सदतीस अंश म्हणजे माणसाचं अंग. एवढं साधं मला आधी कळू नये?

११ मार्च
काकांना म्हटलं, सगळं मारून टाका. ते म्हणाले, पर्वात नाही, आणि शेडवाल्यांना शब्द दिलाय, कॅन उद्या जाणार. भांडले. मावशीच्या हातांशी खेळ मी खपवून घेणार नाही.
आता फक्त काकूंचा अंगठा लागतो.

१२ मार्च
काकूंनीच दार उघडलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू कुकर पेटव गं. पाप लागलं तर माज्या माथ्यावर. झालं की हाक मार, मी उघडते."
दार लावून घेतलं. कॅन कुकरात. प्लेटा कुकरात.
काका बाहेरून ओरडताहेत. ओरडू देत.

झालं. सगळं मेलं. काकूंना हाक मारली. त्यांनी बाहेरून अंगठा लावला—
'प्लीज ट्राय अगेन.'
परत— 'प्लीज ट्राय अगेन.'
त्यांनी माझा हात धरला होता—

भीती वाटते. लय वाटते. तरी बरंच झालं. आता तो जिवाणू उरलाय फक्त आमच्या हातांवर. काकूंना ओरडून सांगितलं, कुणाला शिवू नका. मी तर बाहेरच येत नाही. आले तर मावशी आधी हातच—

कुकर अजून तापलेला आहे. दोन्ही हात झाकणावर ठेवणार. त्याआधी—

गुळगुळीत बोटांतून पेन निसटतंय. अंगठा नाही तर नाही, सही करते.

शिवांजली कृष्णात बर—