तेलाचा काटा दीडशेवर

४ फेब्रुवारी १९९६, रविवार. जुईनगर.
रंजिता माहेरी, दिवाळे गावाला. मी तिला न विचारता प्लॉट विकून स्पोर्ट्स कार घेतली, म्हणून राग. लाल गाडी, दोनच सीट, थेट अमेरिकेची. शेजारी बसली की कळेल तिला. मेव्हणा कान्हा निरोप देऊन गेला: ताई यायला तयार आहे, पण भावोजींनी स्वतः न्यायला यावं. त्यात काय, पुढच्या रविवारी जातो. रुबाबात.

११ फेब्रुवारी, रविवार
उरण फाट्यापाशी तेलाच्या टेंपरेचरचा काटा दीडशेवर. गाड्यांच्या मासिकात स्पष्ट छापलंय, तेल एकशेतीस अंशांच्या वर गेलं की इंजिनाची वाट लागते. परतलो. रंजिता काय, पुढच्या रविवारीही तिथेच असणार. इंजिन गेलं तर आणायचं कुठून?
रात्री चहा-पाव.

१८ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा उरण फाटा, पुन्हा दीडशे, पुन्हा घरी. संध्याकाळी कान्हा आला. म्हणे रिक्षाने या, ताई रोज वाट बघते. म्हटलं, स्पोर्ट्स कारवाला जावई रिक्षातून उतरला तर गाव हसेल. तो चपला घालून निघाला. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी, बुधवार
पार्किंगमध्ये गाडीत बसून जेवलो. घरात एकच ताट मांडलं की घास उतरत नाही. गाडीत तसं नाही होत. शेजारच्या सीटवर भाजीचा डबा ठेवला.

२५ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. तेलावर उगाच ताण नको.

२ मार्च, शनिवार
मेकॅनिक कृष्णातला दाखवली. म्हणे, काटा फॅरनहाइटचा आहे, तापाच्या थर्मामीटरसारखा. दीडशेला तेल धड तापलेलंच नसतं, दोनशेच्या पुढे जायलाच हवं. उलट दर वेळी अर्धवट तापवून बंद केली तर इंजिनाला त्रास. मला शंका होतीच.

३ मार्च, रविवार
न थांबता दिवाळे. काटा दोनशे दहा, एकदम झकास. रंजिता अंगणात बोंबील वाळत घालत होती. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. मी फॅरनहाइटचं सगळं नीट समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, की रिक्षा मिळत नव्हती का. मग म्हणाली, आता नाही येत मी. भांडली असती तर बरं झालं असतं. निघताना सुकटीची पिशवी दिली, खायचे हाल करून घेऊ नका म्हणाली. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून आलो.
येतानाही काटा दोनशे दहावर. गाडीत काहीच दोष नाही.