नवतप्यातलं पडणं

रामदासपेठ, नागपूर
१२ जून १९६९

प्रिय इंदू,

सकाळपासून दोन कागद फाडले. लिहायला बसते, उठून आईंच्या खोलीत डोकावते, पुन्हा येऊन बसते. शाळेत एका बाकावर होतो तेव्हा तुला काही सांगायला शब्द शोधावे लागत नव्हते. तुझी वहिनी झाले आणि जीभ जड झाली.

तुझ्या आईची तब्येत बरी आहे. मनगटाचं प्लास्टर अजून चार आठवडे. डाव्या हाताने जेवतात. मी भरवायला गेले की रागावतात. दरवर्षीसारख्या उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या, आता बेसा गावी परतायची घाई झाली आहे. विहिरीला पाणी किती उरलं, अंगण कोणी झाडलं का, रोज विचारतात. ते घर शेजारच्या देवरावांना विकायचं ठरलंय, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मी "हो, झाडलं" म्हणते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

पडल्या तेव्हा नवतप्याचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस चालू होते. भोवळ आली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाल्या, आली होती. मग डॉक्टरांनी तुझ्या दादांना समजावलं, की म्हाताऱ्या माणसाला या उन्हात तहान कळत नाही, अंगातलं पाणी कमी होतं, उठताना अंधारी येते. हिवाळ्यात तर सांधे आखडून पाऊलच नीट उचलत नाही, तेव्हाच जास्त जण पडतात. आज मनगट मोडलं, उद्या खुबा मोडेल. एकट्या ठेवू नका. दादांना पटलं. काल तुझंही होकाराचं पत्र आलं. महिनाअखेरीस खरेदीखत आहे.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत गं. पण आईंना भोवळ आली नव्हती. त्या दुपारी गारव्यासाठी दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर मी तीन बादल्या पाणी मारलं. ते उंबऱ्याच्या आत फरशीवर आलं, आणि पुसायचं सोडून मी पंख्याखाली आडवी झाले. तिथून कोणीही घसरलं असतं. धावत जाऊन उठवलं तेव्हा त्यांचा हात लोंबत होता. कण्हायच्या आधी त्या म्हणाल्या, "पाण्याचं कोणाले सांगू नोको वं. तो जिंदगीभर तुले बोलन. मले भोवळ आली, बस." आणि मी गप्प राहिले. मला बोलणी बसू नयेत म्हणून त्यांनी नसलेलं दुखणं अंगावर घेतलं, आणि त्याच दुखण्यापायी त्यांचं घर चाललंय. तुझा होकार मागे घे, इंदू. दादा तुझं ऐकतात. संध्याकाळी ते ऑफिसातून आले की मी स्वतःच सांगणार आहे. पण ऐनवेळी माझी हिंमत होईल याचा मलाच भरवसा नाही, म्हणून आत्ताच, उन्हातच, हे पत्र पेटीत टाकून येते.

तुझीच,
चारुशीला