रोज एक तास, काचा बंद करून

३ फेब्रुवारी
आवाज बसून अडीच महिने झाले म्हणून शेवटी हॉस्पिटलात गेलो. नाकातून नळी घालून पाहिलं, तपासायला तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट आज आला. स्वरयंत्रावर गाठ. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, साडेसहा आठवडे रेडिएशनचा शेक घ्या, तुम्हीही राहाल आणि आवाजही राहील. पुढच्या आठवड्यात सुरू करू. एकूण सहा मिनिटं, त्यातली निम्मी कॉम्प्युटरकडे बघत. एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, मी नुसती सीट पुढेमागे करायला पंधरा मिनिटं देतो! शिवाय निघताना म्हणे, बोलणं कमी करा. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरला!
मी घाबरलेलो नाही. घाम आला तो तिथला एसी बंद होता म्हणून.

४ फेब्रुवारी
हिने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? म्हटलं, बारीक गाठ आहे, साधी, घाई काही नाही. ही फाइल कपाटात ठेवायला गेली. खोटं बोललो असं नाही. घाई हा शब्द डॉक्टरांनी खरंच वापरला नव्हता.

७ फेब्रुवारी
मेहुण्याला तेवढं खरं सांगितलं. त्याने हिला न सांगण्याची शपथ घेतली आणि लगेच एका नैसर्गिक उपचारवाल्याचा पत्ता दिला. त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी साडूला अगदी हेच झालं होतं, हॉस्पिटलने हात टेकले होते, तो आता गातो म्हणे. मेहुण्याने त्याला पाहिलेलं नाही, पण ज्याने सांगितलं तो माणूस एम.एस्सी. आहे. शेक घेतला की गळा आतून जळतो, हेही त्यानेच सांगितलं. बरं झालं वेळेवर कळलं.

१० फेब्रुवारी
नैसर्गिक उपचारवाल्या सरांकडे गेलो. दोन तास! गादीवर बसवलं, पाणी दिलं. कोणत्या कुशीवर झोपता, लहानपणी वडील ओरडायचे का, राग आल्यावर काय करता. असं मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मध्येच डोळ्यांत पाणी आलं, खोलीत धूळ फार. सर म्हणाले, तुम्ही शब्द गिळत आलात, ते सगळे गळ्यात साचलेत. उपचार: सकाळ-संध्याकाळ पुडी, हिरवा रस, आणि रोज एक तास जे कधी कोणाला बोलला नाहीत ते मोठ्याने बोलायचं.
हिला सांगितलं. भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, तुम्ही? शब्द? गिळलेत? कधी? मग इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. गंभीर आजाराला घरून आधार हा असा. अर्थात गंभीर आहे हे तिला माहीत नाही, तेवढं सोडून देऊ.

१२ फेब्रुवारी
उपचार सुरू. ट्रेनिंगची गाडी मैदानाच्या कडेला लावली, काचा वर, आणि सुटलो. आधी स्कूलचे मालक. मग लायसन्स ऑफिसातला साहेब. मग मेहुणा (माणूस चांगला आहे, पण तो विषय वेगळा). मग वडील. वडिलांवर जरा वेळ लागला. घड्याळ पाहिलं तर बावीसच मिनिटं झाली होती.

१५ फेब्रुवारी
साठा संपला. आठवून आठवून पाहिलं, पण ज्याला जे बोलायचं ते मी त्या त्या वेळीच बोलून मोकळा झालेलो दिसतो. तास तर भरायलाच हवा. आज खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या वतीने त्याच्या सुनेला बोललो. उद्या सुनेच्या वतीने त्याला बोलेन. कोणावर अन्याय नको.

३ मार्च
आवाज आणखी खरखरीत झालाय. सर खूश झाले. रोग बाहेर पडू लागला की आधी वाढल्यासारखा वाटतोच म्हणे. किती सरळ गोष्ट! हॉस्पिटलमधून दर सोमवारी फोन येतो. तो नंबर मोबाइलमध्ये ‘टायरवाला’ म्हणून ठेवलाय. ही म्हणाली, या टायरवाल्याला दुसरं गिऱ्हाईक नाही का?

२२ मार्च
आता फक्त घोगरी कुजबुज निघते. शिकाऊ लोकांना ऐकू जात नाही. तोडगा काढला: शिट्टी. एक शिट्टी ब्रेक, दोन क्लच, लांब शिट्टी म्हणजे देवाचं नाव घ्या. एकतीस वर्षांत कोणा मास्तरला हे सुचलं नव्हतं. आजारपणात डोकं किती छान चालतं!

१३ एप्रिल
शिकायला येणाऱ्या बँकेतल्या बाईंना चौकात एक शिट्टी दिली. शेजारच्या तिन्ही गाड्या करकचून थांबल्या. बाई थांबल्या नाहीत, समोरच्या टेम्पोवर गेल्या. बंपर गेला. मालक म्हणाले, मास्तर, तुमच्या पायाखाली पण ब्रेक असतो ना? असतो. मी शिट्टीच्या नादात विसरलो. मालकांनी मला महिनाभर घरी बसायला सांगितलं. तब्येतीची काळजी घेणारा मालक मिळायला नशीब लागतं. मी गाडीची किल्ली तेवढी मागून घेतली, उपचार बंद पडता कामा नये.

६ मे
वजन सहा किलोने उतरलं. हिरव्या रसाचा गुण. कित्येक वर्षं प्रयत्न करत होतो.

९ मे
सकाळी खोकलो तर रुमालावर लाल डाग. बीट असणार. आपण बीट कधी खाल्लं ते आठवलं नाही. रुमाल बाहेरच्या नळावर धुतला.

१० मे
परत बीट.

१६ मे
सरांकडे रुमाल घेऊन गेलो. गादीपर्यंत जाऊच दिलं नाही, दारातच बोलले. म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडला, तुम्ही मनापासून बोलला नाहीत, नुसता तास भरलात. आता हॉस्पिटलात जायचं तर जा, तो तुमचा निर्णय. तिथे माझं नाव मात्र घेऊ नका. चार मिनिटं. घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण सवय लागली आहे.
मला खूप राग आला. बोलायला गेलो तर नुसती हवा आली.

१८ मे
मी अंघोळीला गेलो असताना टायरवाल्याचा फोन हिने घेतला. बाहेर आलो तर ही कपाटासमोर जमिनीवर बसलेली, मांडीवर फाइल. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं की मेहुण्याला माहीत होतं का. मी मान डोलावली. ही उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, चला. अंगावर ओला टॉवेल होता, तो बदलायला तेवढा वेळ दिला.

२५ मे
नवीन स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, गाठ कूर्चा, म्हणजे स्वरयंत्राचं मऊ हाड, फोडून बाहेर आलीय. नुसत्या शेकाने आता भागणार नाही, आधी ऑपरेशन. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल, मानेला कायमचं भोक, श्वास तिथून. फेब्रुवारीत शेकाला आला असतात तर, असं सुरू करून ते मध्येच थांबले. आज कॉम्प्युटरकडे एकदाही पाहिलं नाही. खुर्ची जवळ ओढून बसले, चित्र काढून दाखवलं, हिला पाणी मागवलं. पंचवीस मिनिटं. मला सहाच हवी होती.

२ जून, दुपार
वॉर्ड. उद्या सकाळी ऑपरेशन. मेहुणा फळं घेऊन आला होता, हिने त्याला फळांसकट दारातूनच परत पाठवलं. मग स्टूल ओढून माझ्या उशाशी बसली. म्हणाली, जे काय बोलायचं ते आज बोलून घ्या, मी कुठे जात नाही. माझ्या डोळ्यांपुढे आख्खी दुपार मोकळी होती. मग एक वाक्य बोललो. ही म्हणाली, काय? पुन्हा बोललो. हिने कान अगदी ओठांशी आणला. तरी नाही. शेवटी हाताशी ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म होता, त्याच्या मागे लिहिलं: मला पहिल्या दिवसापासून भीती वाटतेय.
हिने वाचलं. म्हणाली, एवढंच त्या दिवशी म्हणाला असतात तर मीच हाताला धरून नेलं असतं हो. मग पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली.
तेवढ्यात नर्स आली. फॉर्म उलटापालटा करून म्हणाली, काका, यावर असलं काही लिहायचं नसतं, खराब केलात. नवा कोरा फॉर्म आणून दिला. त्यावर नुसती सही केली.