धरणाची ओटी

ति. आईस,

निवेदिताचा बीबी गावाहून नमस्कार. जेवण वेळेवर होतं, खोलीही बरी आहे. वरवटला नळ रोज येतो का? तुझा गुडघा कसा आहे?

परवा इथल्या धरणाचं जलपूजन झालं. यंदा बराचसा पाऊस एका आठवड्यात कोसळला आणि टेकड्यांची माती घेऊन उतरला. धरण काठोकाठ दिसतं, पण खाली तिसरा हिस्सा गाळ आहे, इथली अभियंता म्हणून मीच मोजला. उरलेलं पाणी गावांना उन्हाळ्यात प्यायलाच जेमतेम पुरेल, असं मी सांगितलं.

पाणीवाटप समितीचे अध्यक्ष उत्तमराव हसले. "मॅडम, भरल्या धरणावर अशुभ काऊन बोलून राह्यल्या? तुम्ही बाईमानूस, ओटी भरा."

मी भरली नाही. त्यांच्या सुनेने साडी आणि नारळ पाण्यात सोडले. लगेच उत्तमरावांनी स्वतःच्या संत्र्यांच्या बागेसाठी कालवा सोडायला लावला. आमचे साहेब पेढा खात बघत होते. मला किळस आली.

काल उत्तमरावांचा फोन आला. "पानी कमी काऊन येऊन राह्यलं?"

पाहिलं, तर साडी कालव्याच्या दरवाजाच्या जाळीला गुंडाळली होती. "तुमची ओटी अडकलीय."

"मंग काढा ना!"

काढायला दरवाजा बंद करावा लागतो. मी केला. चिखलाने माखलेली साडी निघाली. दरवाजा मात्र बंदच आहे. उघडायचा तर लेखी आदेश द्या, असं साहेबांना कळवलंय. लेखी द्यायला कोणी तयार नाही.

यापायी बदली झालीच, तर कदाचित तुझ्याजवळ येईन. काळजी करू नकोस.

तुझी,
निवेदिता